लंघन काळवीट नापास होतो

मुलांनो, एका जंगलात महाविद्यालय निघालं. जागेचा प्रश्न आला नाही, कारण जंगल होतंच. थोडी झाडं तेवढी तोडावी लागली, ती वनस्पतिशास्त्राच्या वर्गासाठी.

प्राचार्य होते घोरपडेसर. घोरपडे हे त्यांचं आडनाव आणि घोरपड ही त्यांची जात. खुर्चीला एकदा चिकटले ते चिकटलेच.

तिथे लंघन नावाचा एक तरुण काळवीट शिकत होता. नाव आईने मोठ्या हौसेने ठेवलं होतं. लंघन म्हणजे उडी, असं तिला एका विद्वान पोपटाने सांगितलं होतं. लंघन म्हणजे उपासही, हे सांगायला तो विसरला.

त्या जंगलात टोपलीफळाचा खेळ फार लोकप्रिय होता. सागाच्या उंच फांदीला सुगरणींनी विणलेली टोपली टांगायची आणि उडी मारून तिच्यात कवठ टाकायचं. ज्याला हात आहेत त्याने हातांनी, ज्याला शिंगं आहेत त्याने शिंगांनी. लंघन उडाला की बघणाऱ्यांना वाटे, हा आता खाली यायचं विसरला.

सामन्याला अख्खं जंगल लोटायचं. येणारा प्रत्येक जण दाराशी काहीतरी ठेवून आत जायचा. कुणी मध, कुणी कंदमुळं. ते सगळं घोरपडेसरांच्या बिळात जायचं आणि खेळाडूंना मिळायचं वाळलेलं गवत.

"विद्यार्थ्याला मोबदला दिला की त्याचं अभ्यासातलं लक्ष उडतं," घोरपडेसर पोट सावरत सांगायचे.

एक दिवस खेळाडू रुसले. मैदानात कुणी फिरकलंच नाही. मग घाईघाईने सभा भरली आणि नवा नियम झाला. खेळाबद्दल काही घेणं हे पापच. जाहिरातीत चेहरा दिल्याबद्दल घ्यायला मात्र हरकत नाही, कारण चेहरा अभ्यासक्रमात नाही.

त्याच आठवड्यात लंघनकडे दोन पाहुणे आले.

पहिला आला गरुड, राजधानीच्या दरबारी संघातून. तो म्हणाला, "आमच्याकडे चल. रोज खेळायला मिळेल. छोटंसं कुरण मिळेल. पाय मोडला तर मात्र दुसऱ्या दिवशी चालू लागायचं."

दुसरे आले तरसशेठ. ते सारखे हसत. त्यामुळे ते खरं कधी बोलतात आणि गंमत कधी करतात, हे कुणालाच कळत नसे.

"खेळून काय मिळतं रे?" तरसशेठ म्हणाले. "तू नुसता विद्यार्थी राहा. विद्यार्थी लोकांना आवडतात. निरागस वाटतात. चेहरा तुझा, माल माझा. पलीकडची कड दिसणार नाही एवढं कुरण देतो!"

लंघन खेळाच्या सरांकडे गेला. रोहीसर म्हणजे नीलगायींच्या कुळातले एक म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ होते.

"उड्या जन्मभर पुरत नाहीत, लंघन," ते म्हणाले. "आहेत तोवर मारून घे."

मग तो आईकडे गेला.

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली. "पण आधी पदवी घे बाबा. आपल्या कळपात अजून कुणी पदवीधर नाही."

लंघनच्या पोटात तेव्हा सकाळचं वाळकं गवत टोचत होतं. एकच वर्ष, तो स्वतःला म्हणाला, आणि त्याने तरसशेठच्या करारावर खूर उमटवला.

पहिली जाहिरात मगरीच्या दंतमंजनाची. लंघनला वरचे पुढचे दात नव्हते. काळविटांना ते नसतातच. तो तोंड मिटून गोड हसला आणि मंजन हातोहात खपलं. मग साळिंदराच्या गाद्या आल्या. त्यावर झोपल्याचं सोंग करताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक म्हणाले, किती भावुक मुलगा!

कुरण मात्र खरोखरच मिळालं. आई जन्मात पहिल्यांदा पोटभर हिरवं जेवली. ती समाधानाने रवंथ करत असली की लंघन तिच्याकडे बघत बसायचा. आपण योग्य तेच केलं, असं त्याला वाटायचं.

आणि वर्षाअखेर तो पास झाला.

घोरपडेसर हादरले. "लंघन, हे काय करून बसलास?"

"चुकून झालं, सर. घुबडबाईंनी शिकवलेलं लक्षात राहिलं."

"अरे, पास होत गेलास तर एक दिवस पदवीधर होशील! पदवीधराचा चेहरा कोण विकत घेतो?"

पूर्वी खेळाडूंना पास करायला कृपागुण देत असत. त्या वर्षी पहिल्यांदाच कृपागुण वजा करण्यात आले. लंघन सन्मानाने नापास झाला. त्याची मिरवणूकही निघाली.

त्यानंतर दर वर्षी हेच. त्याचं खेळणंही हळूहळू बंद झालं. रोहीसर त्याला मैदानात पाठवायला निघाले की तरसशेठ आडवे यायचे. "नाकाला खरचटलं तर? नाक भरून देणार का तुम्ही?" मग लंघन कडेला गादीवर बसून राहायचा. लोक त्याला बसलेला बघायला यायचे. "काय बसतो!" असं एकमेकांना सांगत घरी जायचे.

रोहीसरांनी नोकरी सोडली. "मी खेळ शिकवायला आलो होतो," एवढंच म्हणाले आणि माळ ओलांडून गेले.

मग तरसशेठनी नवा माल आणला. वाघोबांचं पाचक चूर्ण.

लंघन चाचरला. "शेठ, पण मी हरणाच्या जातीचा."

"म्हणून तर!" तरसशेठ हसले.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर कुरण माझं," तरसशेठ म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

पाणवठ्यावर भलामोठा फलक लागला. त्यावर लंघनचा हसरा चेहरा, आणि खाली अक्षरं: 'आता हरीण पचायला हलकं!'

आई पाणी प्यायला गेली आणि पाणी न पिताच परत आली.

"तुझ्या मावशीला वाघाने नेलं, तेव्हा तू पोटात होतास," ती म्हणाली. "मी झुडपामागून सगळं बघत होते."

"आई, तो नुसता फलक आहे गं."

ती कुरणातून बाहेर पडली आणि पलीकडच्या खडकाळ माळावर जाऊन वाळकं गवत खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी लंघनने राजधानी गाठली. गरुडाने त्याला नीट ओळखलं नाही, पण टोपली दाखवली. "मार उडी."

लंघनने सगळा जीव एकवटून उडी मारली. पोट जमिनीवरच रेंगाळलं. कवठ टोपलीपर्यंत पोचलंच नाही. ते परत येऊन त्याच्याच डोक्यावर आदळलं. गरुड हसला असता तरी चाललं असतं. त्याने नुसती मान हलवली.

"उशीर केलास," तो म्हणाला. मग जवळ येऊन निरखू लागला. "चेहरा मात्र ओळखीचा वाटतो. अरे, तू तर चूर्णवाला! सिंहमहाराज रोज घेतात तुझं चूर्ण. फार गुण आहे म्हणतात. थांब, त्यांना वर्दी देतो. आज जेवायलाच थांब!"

लंघन थांबला नाही. तो सुटला तो थेट वेशीकडे. पहारेकरी लांडग्यांनी दरवाजा लावून घेतला होता. लंघन त्या दरवाजावरून, लांडग्यांवरून आणि बाजूच्या उंबरावरूनही पलीकडे गेला. अशी उडी त्या राजधानीने कधी पाहिली नव्हती.

"अरे, हीच उडी मघाशी मारायची होतीस!" गरुड मागून ओरडला. "ये परत! घेतलं तुला संघात!"

पण लंघनच्या कानांत फक्त 'जेवायला थांब' एवढंच घुमत होतं. तो धापा टाकत महाविद्यालयात शिरला. घोरपडेसरांनी त्याला मायेने जवळ घेतलं आणि पुन्हा पहिल्या वर्षात बसवलं, शाखा बदलून.

तो अजून तिथेच शिकतो. दर सणाला आईकडे हिरव्या गवताची पेंढी पाठवतो. पेंढी न सोडता परत येते.

तात्पर्य: मुलांनो, शिक्षण कधीच वाया जात नाही, फक्त ते पूर्ण होणार नाही, एवढी काळजी घ्यावी.