जाधव सरांची अमेरिका

मांडवीला आमच्या शेजारी राहणारे जाधव सर अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची भाषणं आवाज बंद करून बघतात. "बोलणं दुसरा लिहून देतो. हात कोण लिहून देणार?" हे त्यांचं शास्त्र. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि उमेदवाराचे हात निरखत बसायचं.

सर लांज्याकडच्या एका खेड्यात भूगोल शिकवत. निवृत्तीनंतर तिथेच सरपंचपदाला उभे राहिले, पडले, आणि इथे राहायला आले. प्रचारसभेत ते म्हणाले होते, "मी पाणी देणार नाही, पाणी तुम्हीच आणाल, मी सोबत खणायला येईन." त्यातले पहिले चार शब्द कुणीतरी कापून घेतले आणि तेवढाच व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर फिरला. सर हा किस्सा हसत, अभिनयासकट सांगतात.

तेव्हापासून कुठल्याही बातमीवर त्यांचा एकच प्रश्न. अख्खा व्हिडिओ कुठाय? अमेरिकेतला एक उमेदवार पायरीवर अडखळल्याची क्लिप मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात सर मोबाइल घेऊन दारात हजर. पूर्ण व्हिडिओत तो एका लहान मुलीचा पडलेला बूट उचलत होता. "हा अडखळला नाय, वाकला," सर म्हणाले. मला ग्रुपवर माफी मागावी लागली. बाजारात सुरमई नव्हती, असं काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, सांगितलं तेव्हाही त्यांनी व्हिडिओ मागितला. काकूंनी त्यांना दोन दिवस आमटीभातावर ठेवलं.

दोन्ही उमेदवारांच्या व्हिडिओंखाली सर मराठीत सल्ले लिहीत. घसा बसलाय, सुंठ घ्या. समोरच्याला बोलणं पुरं करू द्या. तिकडे मराठी कोण वाचणार, असं मी विचारलं, तर भाषांतराचं बटण असतं, हे त्यांनी मलाच शिकवलं.

निकाल लागला. सरांच्या पसंतीचा उमेदवार जिंकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अभिनंदन करायला गेलो, तर ते हरलेल्याच्या व्हिडिओखाली एका बोटाने काहीतरी टाइप करत होते.

"सर, हा तर पडला."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं: आज घरी कोणी येणार नाही. मनाला लावून घेऊ नका. वेळेवर जेवा.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या निकालाच्या दिवशी मी चाळीस माणसांचे पोहे केले होते. एक माणूस फिरकला नाय. हे मला म्हणाले, पोहे छान झालेत."

सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी निघणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. तिकडच्या कुणा अनोळखी बाईचं उत्तर होतं. सरांनी भाषांतराचं बटण दाबलं. ती या उमेदवारासाठी महिनोन् महिने दारोदार फिरली होती आणि आज घरात एकटीच बसली होती. शेवटी तिने विचारलं होतं, तुम्ही जेवलात का?

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा वाचलं. मग काकूंना विचारलं, आज काय आहे? आणि सावकाश, एका बोटाने लिहिलं:

"अजून नाय. बांगडे तव्यावर आहेत. तुम्ही पण पान वाढून घ्या, आम्ही थांबतो."