आत्याबाईंची आबाळ

बायको बाहेरगावी निघाली तेव्हा मी "हो हो, कळलं" म्हणालो. सगळं त्या एका होकारात बिघडलं. ती दारात बॅग घेऊन उभी राहून काहीतरी महत्त्वाचं सांगत होती आणि मी टीव्हीवर मॅच बघत होतो. (मॅचही हरलोच.) नवऱ्याने संसारात कितीही वेळा "हो" म्हणावं, पण कशाला म्हणतोय एवढं तरी ऐकून घ्यावं, हे शहाणपण मला आता आलं आहे. त्याचा काही उपयोग नाही.

तर आमच्या घरात एक भेक आहे. भेक म्हणजे बेडकाचा जाडजूड, खडबडीत पाठीचा, उड्या मारायचा कंटाळा असलेला भाऊबंद. आमची मादी आहे. बायको शाळेत जीवशास्त्र शिकवते. मागच्या अंगणात गळक्या नळाखाली ही तिला सापडली आणि तेव्हापासून काचेच्या पेटीत ओली माती, पालापाचोळा, पाण्याची बशी अशा थाटात राहते. बायकोने तिचं नाव ठेवलं आत्याबाई. का, तर ती कोपऱ्यात गळा फुगवून बसते आणि एक अक्षर न बोलता सगळं नापसंत करते. माझी सख्खी आत्या अगदी तशीच बसायची. मी निषेध केला. मग पेटीत नीट डोकावून पाहिलं आणि निषेध मुकाट मागे घेतला.

यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. बायको त्या शाळेत कित्येक वर्षं हंगामी होती. सुट्टी लागली की नोकरी जायची, शाळा उघडली की परत मिळायची, कधी नाहीही मिळायची. या खेपेला कायमची जागा निघाली होती. निवड समितीसमोर एक पाठ घेऊन दाखवायचा होता आणि तिने विषय घेतला होता, भेक आपलं खाणं कसं पकडतो. आत्याबाई तिच्या हातून भरल्या वर्गात बिनधास्त खायच्या. म्हणजे जागा पाठावर अवलंबून आणि पाठ आत्याबाईंवर. नेमकं त्याच आठवड्यात तिच्या बहिणीला बाळ झालं आणि बायकोला जाणं भाग पडलं. आत्याबाई माझ्या हवाली झाल्या.

पहिल्याच संध्याकाळी फोन आला.

"अहो, आत्याबाईंना खायला दिलंत का?"

"देतोच आहे. कुठे ठेवलंय?"

"फ्रीजमध्ये. निळा डबा."

"निळा डबा नाहीये."

"मधल्या कप्प्यात बघा. अगदी समोर."

"समोर दही आहे."

"दह्याच्या शेजारी."

"दह्याच्या शेजारी काहीसुद्धा नाही."

"अहो, हात पुढे करा."

मी हात पुढे केला. तो एका निळ्या डब्यावर आपटला.

"सापडला," मी म्हणालो.

"तो हरवला नव्हता," ती म्हणाली. (हा संवाद आमच्याकडे लोणी, कात्री, चष्मा आणि माझे मोजे यांच्याबाबतही होतो.)

डब्यात कोंडा होता आणि कोंड्यात अळ्या. सगळ्या निपचित पडलेल्या. आमच्या फ्रीजने बिचाऱ्यांना गारठवून मारलं होतं! पण फोनवर हे सांगायची हिंमत झाली नाही. चिमट्याने एक अळी उचलली आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली. आत्याबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अळी हलली नाही, आत्याबाई हलल्या नाहीत. कोणीतरी पुढाकार घेईल म्हणून मी वाट बघत राहिलो आणि पाय आखडल्यावर उठलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी अळीचे तुकडे केले. छान बशी काढली. गोड बोललो, रागावलो, शेवटी हात जोडले. सख्ख्या आत्याची कधी इतकी मनधरणी केली नव्हती. काही नाही. अशक्तपणा आला असेल म्हणून उचलून घेतलं, तर त्या टम्म फुगल्या आणि माझ्या ऑफिसच्या शर्टावर मोकळ्या झाल्या.

तो शर्ट बदलून मी ऑफिसात उशिरा पोचलो. मी नोंदणी कार्यालयात मृत्यूच्या टेबलावर असतो. शेजारचं टेबल जन्माचं. तिथला माझा सहकारी दिवसभर पेढे खातो आणि माझ्याकडे येणारे रडतात, त्यामुळे आमच्या दोघांच्या स्वभावात फरक पडला आहे.

"खात नाही, आणि वर पोट फुगलंय," मी त्याला सांगितलं.

"अरे वा! मग गोड बातमी असेल," जन्मवाला म्हणाला.

त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. मला मात्र माझ्याच टेबलाची लक्षणं दिसत होती.

संध्याकाळी फोन आला. "खातात ना नीट?"

"पोटभर," मी म्हणालो. त्या रात्री मलाच जेवण गेलं नाही.

आणि मग ती भयंकर सकाळ उजाडली. चहाचा कप घेऊन पेटीपाशी गेलो, तर आत्याबाई पाठीला बाक काढून बसल्या होत्या. तोंड उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. आचके! पुढच्या पायांनी डोळे पुसत होत्या. आणि अंगावरची कातडी, देवा रे, अख्खी कातडी सुटून ओल्या कागदासारखी लोंबत होती. मी ओरडलो. चहा सांडला. पुन्हा वाकून बघतो तर त्या ती कातडी तोंडात कोंबत होत्या. म्हणजे भुकेने माझ्या आत्याबाई स्वतःलाच खायला लागल्या होत्या! समोर माझ्या हातची बशी असताना!

माझ्या टेबलापाशी माणसं येऊन मला सांगतात की शेवटी ते असं असं करत होते. मी मान हलवतो आणि पुढचं विचारतो. आता मला कोण विचारणार? बायकोची इतक्या वर्षांची धडपड, आणि मला एका जनावराला चार दिवस जगवता आलं नाही.

घाबरलेल्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. बदली. भेक सगळे सारखेच दिसतात (मला तर दिसतात). आत्याबाईंना बुटांच्या खोक्यात घातलं, वाचनालयापलीकडच्या बागेत नेलं, आणि कुंपणाखालच्या गार सावलीत ठेवलं. निदान शेवट शांततेत व्हावा. "माफ करा," म्हणालो आणि डोळे पुसले. माळी माझ्याकडे बघत होता. मग त्याच बागेच्या गटाराकडेला वाकून, चिखलात गुडघे बुडवून, एक भेक धरला. जरा सडपातळ होता, पण आजारपणात माणूस उतरतोच, असं म्हणता आलं असतं. त्याच्या काखांखाली बोटं घालून धरलं की तो "कुर्र, कुर्र" करायचा. माझ्या अंगठ्याला त्याने अशी काही मिठी मारली की घरी जाईपर्यंत सोडला नाही. लग्नानंतर मला कोणी इतकं घट्ट धरलं नव्हतं.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी बायको परतली. चप्पलही न काढता पेटीपाशी गेली.

"आत्याबाई! किती बारीक झालात हो!" म्हणत तिने त्याला अलगद उचललं.

"कुर्र, कुर्र," आत्याबाई म्हणाल्या.

बायको माझ्याकडे वळली. "हा नर आहे."

"असं एकदम कसं सांगता येईल?"

"मादीला धरलं तर ती अशी ओरडत नाही. नराला दुसऱ्या नराने चुकून मिठी मारली की तो असा ओरडून सांगतो, सोड मला. अहो, माझ्या आत्याबाई कुठे आहेत?"

मी सगळं सांगितलं. मेलेल्या अळ्या, फुगलेलं पोट, आचके, कातडी. ती ऐकत राहिली आणि हळूहळू खुर्चीवर बसली.

"ती कात टाकत होती," बायको म्हणाली. "भेक अधूनमधून कात टाकतात. आणि टाकलेली खातात. त्यात बरंच सत्त्व असतं."

"आणि पोट?"

"घाबरले की फुगतात. आपण मोठे आहोत असं दाखवायला."

"पण त्या खात नव्हत्या! अळ्या मेल्या होत्या!"

"गारठल्या होत्या. थोडा वेळ बाहेर ठेवल्या की वळवळतात. भेकाला हलणारंच खाणं दिसतं. न हलणारं समोर असलं तरी त्याच्या लेखी नसतं. दारात उभी राहून हेच तर सांगत होते मी. तुम्ही हो हो म्हणालात."

उजेड होता तोवर आम्ही दोघांनी बाग पालथी घातली. प्रत्येक कुंडी, प्रत्येक पाइप. माळी आता दोघांकडे बघत होता. आत्याबाई कुठेच नव्हत्या. घरी येऊन बायकोने त्या नराला अळी दाखवली, अगदी वळवळणारी. तो पाठ फिरवून बसला. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसतं म्हणाली, "राहू दे. चित्रं काढून शिकवीन." आणि खडू शोधायला लागली. पाठमोरी होती, पण ती रडत होती हे मला कळत होतं. असं तोंड लपवून ती कधीच रडली नव्हती, आणि मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळी मी तिच्याआधी तयार झालो. निदान चित्रं तरी उचलून न्यावीत म्हणून. मागच्या दारात बूट घालायला बसलो आणि अंगणाकडे बघत राहिलो. रिकामं अंगण, गळका नळ, खाली ओलसर माती. बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि तिने माझा खांदा गच्च धरला.

"हलू नका."

"का?"

"तुमच्या उजव्या बुटाशेजारी."

मी बघितलं. "काही नाहीये."

"अहो, शेजारी!"

"अगं, फरशी आहे नुसती."

तेवढ्यात फरशीने डोळे मिचकावले. मातीने माखलेल्या, दमलेल्या, आणि माझ्याकडे त्याच जुन्या नापसंतीने बघणाऱ्या आत्याबाई!

"भेक आपली जागा विसरत नाहीत," बायको रडत हसत म्हणाली. "लांब नेऊन सोडलं तरी परत येतात. पण इतक्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं हो!"

पाठाला मी वर्गाच्या मागे उभा होतो. पेटी उचलणारा हमाल म्हणून. बायकोने आधी गारठलेली अळी ठेवली. आत्याबाई ढिम्म. मग वळवळणारी ठेवली. आत्याबाई वाकल्या, जीभ कधी आली कधी गेली दिसलंही नाही, अळी गायब. "आता डोळ्यांकडे बघा," बायको म्हणाली. गिळताना आत्याबाईंचे डोळे मिटून डोक्यात खोल गेले. डोळ्यांच्या दाबाने घास खाली ढकलला जातो, म्हणाली. समिती बाकांवरून उठून पेटीभोवती जमली. मला भरून आलं.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "पण समोर असलेली वस्तू केवळ हलत नाही म्हणून दिसत नाही, हे मुलांना पटेल असं उदाहरण द्याल?"

बायकोने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ते मागे उभे आहेत ना, ते माझे यजमान. आमच्या फ्रीजमध्ये एक निळा डबा असतो."

तिने सगळं सांगितलं. दही, लोणी, कात्री, मोजे आणि त्या सकाळचा बूट. मुलं बाकांवर लोळून हसली. अध्यक्षीणबाई डोळे पुसत म्हणाल्या की आमच्या घरीही एक आहेत. जागा त्याच दिवशी कायम झाली.

नराला मी गटाराकडेला परत पोचवलं. आत्याबाई आता रोज जेवतात. आणि मलाही वाढायची एक नवी पद्धत आमच्या घरात सुरू झाली आहे. "समोर आहे" असं बायको सांगत बसत नाही. फ्रीज उघडते, डबा उचलते आणि माझ्यासमोर हलवते. मला तो लगेच दिसतो. घास गिळताना माझेही डोळे मिटतात, असं ती परवा म्हणाली. हे मात्र मला मुळीच मान्य नाही. मी काल आरसा घेऊन जेवायला बसलो, पण ऐन घासाला दर वेळी आरशात काही दिसतच नाही.