बकुळच्या कानाची निविदा

मुलाचा मधला कान हा मनुष्यदेहातला अत्यंत नाजूक भाग होय. त्याहून नाजूक एकच, मुलाच्या बापाचं मत.

माझी मुलगी बकुळ बालवाडीत असताना तिचा डावा कान दुखू लागला. ताप आला, रडून रडून आवाज बसला. झाशीतल्या लहान मुलांच्या डॉक्टर नगाइचबाईंनी कान तपासला, पडद्यामागे पू साचलाय म्हणाल्या आणि एक गुलाबी औषध लिहून दिलं. "बुखार उतर जाए तब भी पूरा कोर्स दीजिएगा."

इथे बाईंची चूक झाली. त्यांनी मला पर्यायच दिला नाही. मी रेल्वेच्या भांडार खात्यात कारकून. तीन निविदा आल्याशिवाय आम्ही झाडूसुद्धा घेत नाही (त्यामुळे आमच्याकडे झाडू नाही). एकाच डॉक्टरचं एकच औषध मंजूर करणं माझ्या तत्त्वात बसेना.

मी झाशीजवळच्या मोठ गावी राहणाऱ्या मेहुण्यांना, विश्वंभररावांना फोन लावला. त्यांचं खताचं दुकान आहे, म्हणजे रसायनांवर त्यांचा अधिकार. "अहो, गुलाबी जुनं झालं," ते म्हणाले. "आमच्या धाकट्याला पांढरं दिलं, लगेच पतंग उडवायला पळाला." (धाकट्याचा घसा दुखत होता, कान नव्हे. हे पुढे कळलं.)

गुलाबी औषधाने ताप भराभर उतरला. त्याअर्थी औषधाचं काम संपलं होतं, म्हणून बंद केलं. दुखणं परत आलं. त्याअर्थी औषध कुचकामी होतं, म्हणून पांढरं सुरू केलं. दोघांना समान संधी मिळावी म्हणून तेही मध्येच थांबवलं.

"तुम्ही पोरीला बरं करताय की औषधांची परीक्षा घेताय?" बायकोने, भानुमतीने विचारलं.

"तुलनेशिवाय निर्णय होत नाही," मी म्हणालो. या वाक्याचं मला बरेच तास कौतुक वाटलं.

सकाळी बकुळची उशी पिवळी झाली होती आणि ती हसत होती. दुखणं गेलं! मी पांढऱ्याला विजयी घोषित केलं. भानुमतीने मात्र पोरीला उचललं आणि सवारीच्या टेम्पोत बसली. मी स्कूटरवरून मागोमाग.

"पर्दा फट गया है, इसीलिए दर्द गया," नगाइचबाई म्हणाल्या. मी माझे निष्कर्ष मांडू लागलो. त्यांनी चष्मा काढला. "यज्ञेश्वरजी, यह बच्ची का कान है, टेंडर नहीं. दवा किससे पूछकर बंद की?"

उत्तर 'मेहुण्यांना' असं होतं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागलो. बाईंनी तिसरं औषध दिलं आणि पडदा बहुधा भरून येईल असं सांगितलं. बहुधा हा शब्द आमच्या खात्यात रोज वापरतात. तो इतका जड असतो हे ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात एकदा मी मागून हाक मारली, "बकुळ!" ती खेळतच राहिली. मी चिडून पुढे गेलो. "ऐकत का नाहीस?"

तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. "बाबा, इकडून बोला ना. उधर बंद है."

मी जमिनीवरच बसलो. माझ्या तुलनेच्या तक्त्यात या वाक्यासाठी रकानाच नव्हता.

पुढचं औषध भानुमतीने दिलं, शेवटच्या थेंबापर्यंत. माझ्याकडे फक्त बाटली हलवण्याचं काम होतं, तेही देखरेखीखाली. बऱ्याच दिवसांनी नगाइचबाईंनी बकुळचा उजवा कान बोटाने बंद केला आणि मागून हळूच कुजबुजल्या, "टॉफी खाओगी?"

"कौनसी?" बकुळ म्हणाली.

मी बाहेर जाऊन लोकांच्या चपला बराच वेळ नीट लावत बसलो.

आता रेल्वे कॉलनीत कुणाच्याही मुलाचा कान दुखला, की आईबाप मला अनुभवी समजून येतात. मी सगळी हकीकत सांगतो. ते हळहळतात, मान डोलावतात आणि उठता उठता विचारतात, "वो सब तो ठीक है भैया, तीसरी दवा का नाम क्या था?"

मी कुणालाच सांगत नाही. आपण इथवर केवळ बकुळच्या काळजीने वाचत आलात, याची मला खात्री आहे. तरीही, ज्यांनी हाती पेन घेतलं असेल त्यांनी ते परत खिशात ठेवावं.