वाणात गेलेली कादंबरी

"एकही पुस्तक शाळेबाहेर जाणार नाही, गुरुजी. माझा शब्द," असं दीपमालानं पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे दीनानाथ गुरुजींनी जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली सोडली.

नववीला यंदा ग्रंथमेळाव्याचा प्रकल्प होता आणि दीपमाला त्याची प्रमुख होती. महागावच्या अलीकडच्या त्या गावात कापूस म्हणाल तेवढा, सोयाबीन म्हणाल तेवढं. पुस्तकं मात्र एकाच घरात, निवृत्त हेडमास्तर दीनानाथ गुरुजींच्या. मोठं कपाट भरून जाडजूड कादंबऱ्या! पण माणूस असा चिकट, की गुरुजींच्या घरून एक वेळ दुभती म्हैस मिळेल, पुस्तक मिळायचं नाही, असं गाव म्हणायचं. पाचवीत असताना दीपमाला मागायला गेली होती. "वाचायचं तर इथं ओसरीवर बसून वाच. आमचं पुस्तक उंबरा ओलांडत नसतं. आणि पान दुमडायचं नाही," गुरुजींनी बजावलं. चार पानं झाली नाहीत तोच त्यांची जेवणाची वेळ झाली आणि पुस्तक आत गेलं. त्या गोष्टीचं पुढे काय झालं, या विचारानं पोरगी आठवी संपेपर्यंत हळहळत होती.

आणि आता गुरुजी स्वतःच म्हणाले होते, "सगळी पुस्तकं जशीच्या तशी परत आली, तर तुला कपाट उघडं." दीपमालाला आणखी काय हवं होतं! सायकलला गठ्ठे बांधताना तिच्या वर्गातला रोशन मात्र थबकला.

"गुरुजी, हे तं सारे भाग पहिलेच हायेत. दुसरे कुठी गेले?"

"ते घरीच राहतील. अर्धी गोष्ट कोणी चोरून नेत नाही, बाळ," गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी कपाटाला पुन्हा कुलूप घातलं.

मेळाव्याच्या दिवशी दुपारपर्यंत शाळेच्या मैदानात काळं कुत्रं फिरकलं नाही. बायका वेचणीला, बाप्ये बाजारात. शिपाई उकंडा येऊन सगळ्या पुस्तकांवर फडकं मारून गेला, तीच काय ती भेट. दीपमालानं वेळ घालवायला 'सातव्या दाराची किल्ली' उघडली आणि जी रमली ती शेवटच्या पानावरच थांबली. नायिका सातव्या दारात उभी, हात कडीला, आणि खाली छापलेलं: भाग पहिला समाप्त. "अरे देवा!" असं ती एवढ्या जोरात म्हणाली, की शोभा मॅडम वर्गातून धावत आल्या.

"काय झालं? आणि हे काय, अजून एकही पालक नाही?"

"मॅडम, पुस्तकं पाहाले कोन येते?" रोशन म्हणाला. "आताच तं संक्रांत झाली. हळदीकुंकू ठेवा. वाण म्हटलं का गाव कसं धावते पाहा!"

मॅडमना ते पटलं. त्यांनी महागावच्या दुकानात फोन करून वाणासाठी प्लास्टिकचे डबे ऑटोनं मागवले. रोशननं देवळाचा भोंगा ताब्यात घेतला. "शाळेत हळदीकुंकू हाये होऽ! वाण भेटन होऽ!" बाकी ग्रंथ, मेळावा वगैरे शब्द तो विसरला.

ऊन कलायच्या आत मैदान भरलं. "कुंकू ज्यांना लावायचं त्यांना लावा, वाण मात्र सगळ्यांना," असं मॅडमनी आधीच जाहीर केलं होतं, त्यामुळे तांड्यावरची बिजलीबाईही नातीला घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसली. नवरा गेल्यापासून अशा ठिकाणी तिला कोणी बोलावलं नव्हतं. सगळं जमलं, फक्त डब्यांचा ऑटो वाटेत पंक्चर होऊन पडला होता.

रांगेत पहिल्या सत्यभामाकाकू. त्यांना हळद लावून झाली, कुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि काकू पदर पसरून उभ्या. मागच्या बायका चुळबुळ करायला लागल्या. तेवढा वेळ काकूंना गुंतवावं म्हणून दीपमालानं टेबलावरचं 'सातव्या दाराची किल्ली' त्यांच्यापुढे धरलं. "घ्या ना काकू, पाहा तं खरं!"

काकूंनी पुस्तक घेतलं, कपाळाला लावलं आणि सरळ काखेत मारलं. "अवं माय! यंदा शाळेनं पुस्तक लुटलं वं वाणात!"

संपलं! कुंकवामागोमाग हातात पडलं ते वाण, आणि वाण एकदा पडलं की पडलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"काकू, ते तं..." दीपमाला पुढे सरसावली. मॅडमनी तिचा दंड धरला.

"आता मागू नकोस बाई! वाण परत मागितलं तर शाळेची लाज जाईल."

"पण मॅडम, गुरुजींचे हायेत ते!"

तोवर दुसरीनं स्वतःच उचललं होतं आणि तिसरी भांडत होती, "मले बारकं काहून? तिले जाडं, मले बारकं? माह्या पोरानं फी नाही भरली का?" पाहता पाहता टेबल मोकळं झालं. मग ऑटो आला. बायकांनी डबेही घेतले. शाळेनं दोन-दोन वाणं दिली म्हणून कौतुक करत त्या घरोघर गेल्या.

आणि तेवढ्यात इस्त्रीचं धोतर नेसून गुरुजी मेळावा पाहायला हजर. टेबलावर तिळगुळाचा चुरा होता.

"पुस्तकं?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, मेळावा लय जोरात झाला," रोशन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी दीपमालाला घेऊन सत्यभामाकाकूंच्या दारी गेले. काकूंनी चहा केला, तिळगूळ दिला, आणि पुस्तकाचं नाव काढताच कपाळावर हात मारला. "गुरुजी, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं वाण मांगावं? लोक काय म्हणतीन?" गुरुजी मान खाली घालून बाहेर पडले. पुढच्या दारात जायची हिंमत त्यांना झाली नाही. "तू शब्द दिला होतास," एवढंच ते बोलले. दीपमाला वाटभर रडत घरी आली. कपाट तर गेलंच, पण म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा तिला जास्त लागला.

त्यानंतर ती गुरुजींच्या गल्लीतून जाईनाशी झाली. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मात्र सत्यभामाकाकूंनीच तिला रस्त्यात गाठलं आणि मनगट धरून ओढत नेलं. गुरुजींच्या ओसरीवर जत्रा लोटली होती. प्रत्येकीच्या काखेत भाग पहिला.

"गुरुजी, त्या दारामांगं कोन होतं, सांगा आधी!" काकू कडाडल्या. "मले रातभर झोप नाही!"

"माह्या पुस्तकातल्या सावकाराची पोरगी मेली का जित्ती हाये?" दुसरी म्हणाली.

बिजलीबाईला वाचता येत नव्हतं. नात वाचायची आणि ती ऐकायची. ती म्हणाली, "याडी, माय वं! आमचा तं राजाच हारपला, गुरुजी. तांडाभर लोक वाट पाहून राह्यले."

गुरुजींचे डोळे चमकले. "दुसरे भाग आहेत. आधी पहिले परत करा."

"वाण परत? नाही बाप्पा, पाप लागते!"

गुरुजी उंबऱ्याच्या आत, बायका उंबऱ्याच्या बाहेर, कोणीच हटेना. शेवटी बिजलीबाईनं तोड काढली. "परत नोका देऊ. पन उद्यापर्यंत वाण लुटता येते ना? मंग या पोरीले लुटा!" आणि तिनं आपलं पुस्तक दीपमालाच्या ओंजळीत ठेवलं. सगळ्यांना पटलं. एकेक बाई येई, पोरीच्या ओंजळीत भाग पहिला ठेवी आणि गुरुजींकडून भाग दुसरा घेऊन जाई. आयुष्यभर उंबरा न ओलांडलेली पुस्तकं भराभर उंबरा ओलांडत होती, आणि गुरुजी नुसते "पान दुमडू नका, पान दुमडू नका" म्हणत होते.

शेवटी दीपमालासमोर पहिल्या भागांचा ढीग लागला. गुरुजींनी समाधानाचा श्वास सोडला आणि हात पुढे केला. "आण इकडे. शब्द पाळलास हो, पोरी!"

"ओ गुरुजी!" बिजलीबाई फाटकातून गरजली. "पोरीच्या वाणाले हात लावता?"

गुरुजींचा हात तसाच राहिला. त्यांनी बिजलीबाईकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बरोबर आहे. तुझीच आहेत ती. पण... मला एखादं वाचायचं झालं तर?"

दीपमालाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. तिनं ढिगातून एक पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं.

"घरी न्या ना, गुरुजी. पन पान नोका दुमडू."

"छे, छे," गुरुजी घाईनं म्हणाले, आणि पुस्तक दोन्ही हातांनी धरून आपल्याच उंबऱ्याच्या आत गेले.