राणेकाकांना चालेल अशी रिक्षा

आमच्या बिल्डिंगमधले राणेकाका रिक्षा थांबवतात, पण लगेच बसत नाहीत. इंजिन चालूच ठेवायला लावतात, सीटवर तळहात टेकवतात आणि नाडी बघितल्यासारखे डोळे मिटतात. मग निकाल लागतो, "थरथर आहे. दुसरी बघू."

रोज सकाळी स्टेशनला जाताना हे माझ्या नशिबी. मला उशीर होतोय, मागून हॉर्न बोंबलताहेत आणि काका ड्रायव्हरला सांगताहेत, "भैया, टायर में हवा जास्ती है. थोडा कम करो."

"चाचा, बैठना है कि खरीदना है?"

"मेरे को नहीं, कमर को पूछो!"

बसमध्येही सुटका नाही. मागच्या चाकावरची सीट रिकामी असली तरी मला बसू देत नाहीत. "मणके खिळखिळे होतील, संदीप." उभं राहून माझे पाय मोडतात, त्याचं काय?

त्यात मी जाडा. हे काका चारचौघांत कौतुकाने सांगतात. "हा बसला की गाडी उडत नाही. स्प्रिंग दबून राहते."

एका रविवारी ते दारात हजर. "चल, चौकला जायचंय. तुझं वजन पाहिजे."

मी दार लावूनच घेणार होतो, तेवढ्यात मागे कमरेला पट्टा बांधलेल्या काकू दिसल्या. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. उत्तनजवळचं चौक गाव म्हणजे त्यांचं माहेर. तिथे म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, लेकीचा धोसरा काढून बसलेली. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली होती, पण धक्के बसता कामा नयेत.

खाली एकदाची पसंत पडलेली रिक्षा उभी होती. काकू मधे, दोन बाजूंना आम्ही. उत्तनच्या रस्त्याला काका प्रत्येक खड्ड्याला ओरडत होते, "आहिस्ता! आहिस्ता!" ड्रायव्हर वैतागला, मीही वैतागलो. शेवटी काकूच म्हणाल्या, "जाऊ द्या ना त्याला. आई वाट बगत हाय."

चौकला त्या माझा हात धरून उतरल्या.

"पाठीला लागलं का गं?" काकांनी आतूनच विचारलं.

"न्हाय. कायच न्हाय," म्हणत त्या घरात शिरल्या. आतून मायलेकींच्या रडण्याचा आवाज आला.

काका अजून रिक्षातच. तेव्हा मला दिसलं. बसायची सीट काकांनी तपासली होती, पण तिच्या पाठीची गादी पार विरली होती, मागचा लोखंडी दांडा लागत होता. काकूंची पाठ आणि तो दांडा यांच्या मधे वाटभर काकांनी आपला हात घातला होता. बोटांची सालं निघाली होती, पंजा सुजला होता.

"काका, हात बघा तुमचा!" मी ओरडलोच. मला रडू येत होतं.

त्यांनी हात घाईघाईने खिशात घातला.

"हळू बोल. तिला ऐकू जाईल."