तायडे काकांची रुजवात

मी पदवीधर झालो, याचं श्रेय आईनंतर कुणाला द्यायचं असेल, तर ते नारायण तायडे काकांना. आणि हे काका एसटीत कुणाशी बोलत नसत.

काका वाशिमला कारकून होते. गावच्या शाळेचं रजिस्टर आणि वाशिमच्या कचेरीतली जन्मनोंद ताडून पाहायची, जुळली की दाखल्यावर ‘रुजवात घेतली’ असं लिहून सही करायची, हे त्यांचं काम. रजिस्टरं जागेवरून हलत नसत. दुसऱ्या कुणी नक्कल उतरवून नेली असती. काकांना नक्कल मान्य नव्हती. “नक्कल केली का चुकीले लेकरू झालंच समजा. मंग त्या लेकराचीबी रुजवात घ्या!” म्हणून ते अख्खं पान पाठ करत आणि तोंडात पाणी धरल्यासारखे गाल फुगवून बसमध्ये बसत. कंडक्टरनं “जयभीम, तायडेसाहेब” म्हटलं तरी नुसता हात वर. बोललं की पान सांडतं!

एरवीही रुजवात सुटत नसे. चहावाला म्हणे, “साहेब, साखर टाकली.” काका विचारत, “रुजवात घेतली काय?” बिचारा आधी स्वतः घोटभर पिई. मंगरूळपीरच्या बहिणीनं ‘मी बरी आहे’ असं कळवलं, तर तिच्या सासूला वेगळं पत्र जाई.

मी मॅट्रिक झालो तेव्हा अकोल्याच्या कॉलेजात दाखला हवा होता, आणि दुसऱ्याच दिवशी मुदत संपत होती. आमच्या गावी, रिठदच्या शाळेत मी आनंद. वाशिमच्या जन्मनोंदीत कचरू, पोर जगावं म्हणून ठेवलेलं नाव. धम्मदीक्षेनंतर वडिलांनी ते बदललं, पण जन्मनोंदीचं कुणाला सुचलं नाही. वाशिमचे बाबू म्हणाले, “आनंद जन्मलाच नाही, अन् कचरू शाळेत गेलाच नाही.”

नावाखेरीज बाकीचं तरी जुळतं का ते पाहायला काका मला घेऊन रिठदला आले. त्यांनी शाळेचं पान पाठ केलं आणि आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. अर्ध्या वाटेत मला रडू फुटलं.

“काहून रडून राह्यला बे? मी आहो ना!” काका बोलले, आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. पान सांडलं होतं.

बस थांबवून उतरलो. चालत परत रिठद, परत पाठांतर, मग पुढची बस. या खेपेला मीही गाल फुगवून बसलो.

वाशिमला बाबू नोंद वाचत गेले, काका पान म्हणत गेले. वडील जुळले, तारीख जुळली. माझी आई पार्वता. पण शाळेत लिहिलं होतं ‘पावर्ता’, आणि जन्मनोंदीतही ‘पावर्ता’!

काकांनी टाळीच वाजवली. “बाप एक, तारीख एक, अन् मायच्या नावातली चूकबी एक! आता हे जुळे भाऊ म्हणता काय?”

बाबूही हसले. दाखल्यावर काकांची सही झाली. तोवर काका मला ‘कचरू-आनंदा’ म्हणत होते. आता म्हणाले, “चाल. आता नुसता आनंदा.”

बाहेर बाकावर टेकल्यावर ते हळूच म्हणाले, “इतके वर्सं एसटीनं हिंडून राह्यलो. बाजूच्या माणसाशी आज पहिल्यांदा बोललो. बरं वाटलं रे.” घरीही त्यांना बोलायला कुणी नव्हतं.

निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना लिहिलं:

“आदरणीय काका, जयभीम.

मी बी.ए. पास झालो. नंबर पेपरात पाहिला, मग कॉलेजच्या बोर्डावरही पाहिला. दोन्हीकडे सारखा आहे. रुजवात घेतली.

रविवारी वाशिमला येतो. आपण दोघं रिठदला आईकडे जेवायला जाऊ. एसटीनंच जाऊ. डोक्यात कोणतंच पान ठेवू नका. खिडकीची जागा तुमची. रिठद येईपर्यंत तुम्ही बोला, मी ऐकतो.

तुमचा,
नुसता आनंदा”