डावीकडे लाल, उजवीकडे निळी

"आक्कांच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप द्या. स्टेशनपासून घरापर्यंत एक थेंब जरी सांडला, तर गाडी चालवणं सोडून देईन!" असं म्हणून तक्तेसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. समोरचा पाण्याचा पेला कलंडला. वहिनींनी निमूटपणे फडकं आणलं.

तक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेला हा माणूस तक्ता आखल्याशिवाय छत्रीसुद्धा घेत नसे, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. लग्नाआधी वहिनींना भेटायला आले, तेव्हाही खिशात घडी केलेला एक कागद होता म्हणे. त्यावर काय होतं, ते वहिनींना अजून कळलेलं नाही.

प्रश्न होता ब्रेकचा. चार वर्षांपूर्वी साहेबांनी सिग्नलपाशी असा करकचून ब्रेक मारला, की मागे बसलेल्या आक्कांची, म्हणजे वहिनींच्या थोरल्या बहिणीची, दातांची कवळी उडून थेट पुढच्या काचेवर आदळली! आक्कांनी ती रुमालात बांधली आणि दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी पकडली. त्यानंतर पत्रं येत, आक्का येत नसत. आता कशाबशा तयार झाल्या होत्या. अट एकच, ब्रेक नवे हवेत.

"आणि या वेळी ती रागावून गेली ना," वहिनी म्हणाल्या, "तर तिच्या शेजारची सीट माझी!"

झालं! साहेब कामाला लागले. तेव्हा फोन भिंतीला टांगलेला असे, बोटाने माहिती सरकवायची सोय नव्हती. साहेबांनी दुकानं पालथी घातली, कंपन्यांना पत्रं धाडली, शेजाऱ्यांच्या गाड्यांखाली आडवे होऊन टॉर्च मारले. दोन महिन्यांत एका जाडजूड पुठ्ठ्यावर ब्रेकच्या डिस्कचा तेवीस रकान्यांचा तक्ता तयार झाला. जाडी, वजन, गंज, आवाज, पाण्याचा निचरा, खोक्यावरची छपाई...

"छपाईचा काय संबंध?" वहिनींनी विचारलं.

"ज्याला खोका नीट छापता येत नाही, तो लोखंड काय नीट ओतणार!"

अखेर दोनच कंपन्या उरल्या. लाल खोक्यातली डिस्क झाऱ्यासारखी भोकाभोकांची, निळ्या खोक्यातली ताटासारखी गुळगुळीत. साहेबांनी गुणांची बेरीज केली. एकशे सत्याऐंशीला एकशे सत्याऐंशी! उलटीकडून केली. तरी तेच! दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. आणि आक्का यायला उरले होते पाच दिवस.

तिसऱ्या दिवशी दोन्ही कंपन्यांची एकेक जोडी पिशव्यांत घालून साहेब मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये हजर झाले.

"डाव्या चाकाला लाल बसव, उजव्या चाकाला निळी."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. "साहेब, ही जोडी असते! एका पायात बूट अन् एका पायात चप्पल घालून कुणी पळतं का?"

"पळून पाहिल्याशिवाय चांगलं कोणतं ते कळणार कसं? गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा तोच. याहून न्याय्य परीक्षा जगात नाही!"

"ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढेल."

"ओढेल तो जिंकेल!"

मिस्त्री अडीच तास लढला. साहेब एकेक रकाना समजावत गेले, सतराव्या रकान्याला त्याने हात टेकले. "उरलेली एकेक डिस्क मात्र जपून ठेवा," तो घाम पुसत म्हणाला. "लागणार आहे." साहेबांनी त्या दोन्ही घरी नेऊन बाल्कनीत ठेवल्या.

स्टेशनला जातानाच गाडी डावीकडे झुकू लागली. साहेबांनी खूश होऊन वहीत टिपून ठेवलं, 'लाल आघाडीवर.'

आक्का आल्या. मागच्या सीटवर वहिनींशेजारी बसल्या. साहेबांनी थर्मासमधला चहा कपात ओतून त्यांच्या एका हातात दिला. दुसऱ्या हाताने आक्कांनी तोंडावर रुमाल घट्ट दाबून धरला.

पहिला ब्रेक! गाडी गेली डावीकडे, चहा गेला उजवीकडे, वहिनींच्या साडीवर!

"अहो!"

"काही नाही, लाल पुढे आहे!"

दुसऱ्या ब्रेकला गाडी केशकर्तनालयाच्या पायरीला भिडली. अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून पळालं. तिसऱ्या ब्रेकला टपालपेटी इतकी जवळ आली, की आक्कांना बसल्या जागेवरून पत्र टाकता आलं असतं. चौथ्या ब्रेकला डाव्या हाताला एक सताड उघडं फाटक आलं आणि गाडी अलगद आत शिरून थांबली. मिस्त्री स्टुलावरून उठला.

"या साहेब. फाटक सकाळपासून उघडंच ठेवलंय."

वहिनींनी हळूच बहिणीकडे पाहिलं. आक्कांचे खांदे गदगदत होते. संपलं! वहिनींनी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

आक्कांनी रुमाल काढला. त्या हसत होत्या! "अगं, गेल्या वेळी नुसते दात निघाले होते. या वेळी आपण तिघंही निघालो होतो गं!" हसता हसता कवळी निसटून रिकाम्या कपात पडली. ती पुन्हा बसवून त्या म्हणाल्या, "महिनाभर राहते मी. आमच्याकडे असली करमणूक कुठे!"

वहिनींनी आधी डोळे पुसले, मग साडी.

"आता जोडी पुरी करू," मिस्त्री म्हणाला. "उरलेल्यांतली हवी ती आणा."

तिघं चालत घरी आली. साहेब बाल्कनीत धावले. कोपऱ्यात मोगऱ्याची कुंडी होती आणि कुंडीखाली लाल खोक्यातली डिस्क.

"निळी कुठाय?"

"ती होय? परवा भंगारात दिली. कुंडीखाली ठेवून पाहिली, पण तिच्यावर पाणी साचायचं. ही भोकांची बरी, कसं झरझर निघून जातं."

साहेबांनी आत जाऊन तक्ता काढला आणि 'पाण्याचा निचरा' या रकान्यात लालला एक गुण वाढवला. एकशे अठ्ठ्याऐंशी!

"निकाल लागला!" त्यांनी जाहीर केलं आणि कुंडी उचलायला वाकले.

"थांबा! माझी कुंडी कशावर ठेवू?"

ती कुंडी अजून तिथेच आहे, तेवीस रकान्यांच्या त्या जाडजूड पुठ्ठ्यावर. निचरा काही खास नाही, असं वहिनी म्हणतात.